कंडक्टरच्या पोरीचा फुटबॉल

ज्योत्स्ना खिल्लारे एसटीत कंडक्टर लागली तेव्हा तिच्या सासूला वाटलं होतं, चार माणसांत वावरून सून जरा मऊ होईल. घडलं उलटं. रोज चार माणसांत वावरून तिचं माणसांविषयीचं मत बिघडलं आणि ते पुन्हा सुधारलं नाही. मिसरूड फुटलेल्या पोराचं हाफ तिकीट मागणारा बाप, रिठदचं तिकीट काढून रिसोडपर्यंत डोळे मिटून बसणारे मास्तर, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आणि तिथं दुसरं कुणी बसलं की माणुसकीवर बोलणारी बाई, या मंडळींना तिकिटं देण्यात तिच्या आयुष्याची उमेदीची वर्षं चालली होती. ती कुणाशी भांडत नसे. तिकिटाचं मशीन हातात धरून समोरच्याकडे नुसती बघत राही, ओठाचा एक कोपरा किंचित खाली ओढून. पुष्कळांना त्यापेक्षा शिवी परवडली असती.

घरी तीनच माणसं. सासू वारली होती. नवरा विकास औरंगाबादला कंपनीत कामाला होता, सणासुदीला आणि भीमजयंतीला येई. उरले सासरे इंद्रभान, चौदा वर्षांची साक्षी आणि ती स्वतः. इंद्रभाननं जन्मभर जिनिंगमध्ये काम केलं होतं. सरकीतून सुटलेला कापसाचा बारीक तंतू त्याच्या छातीत इतकी वर्षं साचला होता की आता न्हाणीपर्यंत जाऊन आलं तरी तो खाटेच्या पाटीला धरून उभा राही. उशाला श्वासाचा पंप असे. तो कुणी हातात आणून दिला तर त्याला राग येई. सुनेचा आणि सासऱ्याचा स्वभाव एकाच मापाचा होता. त्यामुळे त्यांचं भांडण फारसं होत नसे. दोघं एकमेकांना न बोलता ओळखून असत.

साक्षी फुटबॉल खेळायची. वाशीमच्या रिसोड नाक्याच्या पुढे एक लेआउट पडून होतं. प्लॉट विकले गेले नव्हते, चुन्याच्या रेघा पुसून गेल्या होत्या, आणि त्या मोकळ्या जागेत उदयसिंग राठोड नावाचा फौजेतून निवृत्त झालेला माणूस वस्तीतली पोरं गोळा करून त्यांना खेळवी. दोन्ही बाजूंचे गोल त्यानं जुन्या पाइपांचे केले होते. साक्षी आधी चेंडू आला की तोंड फिरवून उभी राहायची. उदयसिंगनं तिलाच गोलमध्ये उभं केलं. पहिले कित्येक महिने ती रडत घरी येई. मग एक दिवस गुडघे फोडून आली आणि रडली नाही. संध्याकाळी आबांच्या खाटेवर बसून तिनं कुठला बॉल कसा अडवला ते सांगायचं, आणि इंद्रभाननं डोळे मिटून ऐकता ऐकता तिच्याकडून पाठीला तेल लावून घ्यायचं, हा नंतर घरचा रिवाजच होऊन बसला. त्या वेळी तो खोकतही कमी असे.

लेआउट घरापासून लांब. पोरींनी अंधार पडायच्या सुमारास बायपासवरून एकटं येऊ नये म्हणून ज्योत्स्नानंच भागवतचा ऑटो ठरवला. भागवत एरवी शाळेची पोरं नेई. कोरोनात शाळा बंद पडल्यापासून त्याचा ऑटो दारात उभा होता. जितकी पोरं जास्त तितका प्रत्येकाला कमी भाव, हे ज्योत्स्नाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं दोन गल्ल्या फिरून पोरं जमवली आणि बोली केली. नंतर कित्येक दिवस ती मैत्रिणींना सांगत होती की भागवतला असा भाव कुणी करून दाखवावा.

पहिली लाट ओसरून गेल्यावर सगळे मोकळे झाले होते. मग फेब्रुवारीत आकडे पुन्हा चढायला लागले. यंदा आपल्याच भागात आधी चढले. शाळा पुन्हा बंद झाल्या, बाजाराच्या वेळा ठरल्या, एसटीत निम्मेच पॅसेंजर घ्यायचे, एका सीटवर एकच, असा हुकूम निघाला. मैदानाचं काय, यावर पालकांच्या मोबाइलवर आठवडाभर काथ्याकूट चालला आणि शेवटी उदयसिंगनं सगळ्यांना लेआउटवर बोलावलं.

त्या बैठकीला ज्योत्स्ना ड्युटीवरून खाकी ड्रेसमध्येच गेली आणि कडुनिंबाला टेकून उभी राहिली. गोविंदसिंग ठाकूर आधीच आला होता. त्याचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं आणि मुलगा साक्षीच्याच टीममध्ये होता. त्यानं एकावर एक दोन मास्क लावले होते, त्यावर प्लास्टिकची काच, आणि पाठीवर चक्क फवारणीचा पंप. हरभऱ्यावरची अळी मारायचा तोच पंप धुऊन त्यात त्यानं जंतुनाशक भरलं होतं. बैठक सुरू व्हायच्या आधी त्यानं दोन्ही गोलचे पाइप फवारले, बॉल फवारले, पोरांचे बूट फवारले. कुणी हसलं की तो त्याच्याही पायांकडे नळी वळवी.

"पिकाले रोग येऊ देता का तुमी?" तो काचेमागून म्हणाला. "मंग लेकराले काहून येऊ देता?"

दुसऱ्या बाजूला पानठेल्यावाले, गॅरेजवाले, एक-दोन मास्तर होते. त्यांचं म्हणणं, मातीत खेळणाऱ्या पोराला काही होत नाही, हा सगळा शहरातल्या एसीत बसणाऱ्या लोकांचा आजार आहे. एकानं काढ्याचा नुस्खा सांगितला. दुसऱ्यानं तो दुरुस्त केला. उदयसिंगचं मत विचारलं तर तो म्हणाला, घाम निघाला की सगळं निघून जातं, सरहद्दीवर आम्ही काय काय काढलं. मग हुकुमात मैदानाबद्दल नेमका कोणता शब्द आहे यावर मास्तर लोकांनी बराच वेळ घेतला.

ज्योत्स्ना बघत होती. भिणारे तिला केविलवाणे वाटत होते आणि न भिणारे त्याहून केविलवाणे. या सगळ्यांना तिनं कधी ना कधी तिकीट दिलं होतं. गोविंदसिंग सुट्टे पैसे असूनही मोठी नोट काढणारा. काढा सांगणारा तो दरवाजात लटकून जाणारा, जागा असली तरी. माणूस बसमध्ये जसा वागतो तसाच तो सगळीकडे वागतो, हा तिचा सिद्धांत होता. आजची बैठक म्हणजे तिला नुसती एक फेरी वाटत होती, एरवीपेक्षा जरा लांबलेली.

कुणीतरी तिला विचारलं, बाई, तुमचं काय?

"माही पोरगी येईन," ती म्हणाली. "ज्याले भेव वाटते त्यानं आपलं लेकरू घरी बांधून ठेवाव. ज्याले नाही वाटत त्यानं पाठवाव. त्याच्यासाठी मिटिंग कायले पायजे?"

आणि ती निघाली. मागे गोविंदसिंगनं जाहीर केलं की तो आपला मुलगा काढून घेत आहे. त्याच्यामागे आणखी काही जणांनी काढले. ज्योत्स्नानं मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी इंद्रभाननं विचारलं तेव्हा तिनं हिशोब मांडला. सगळ्या तालुक्याचा श्वास मी रोज अंगावर घेऊन येते. बाहेरच आंघोळ करते, ड्रेस उकळत्या पाण्यात टाकते, तुमच्या खोलीत मास्कशिवाय येत नाही. एवढं असून काही झालं तर माझ्यामुळे होईल. मोकळ्या वावरात बॉलमागं धावल्यानं काय होणार? तरी तुमचं मन मानत नसेल तर सांगा, उद्यापासून बंद.

इंद्रभाननं तिच्याकडे तिच्याच नजरेनं पाहिलं. "मायं नाव कायले घेतं? मी काही तुया गाडीतला पॅसेंजर नाही, तू उतर म्हणशीन तिथं उतराले. पोरगी खेळते तर खेळू दे."

साक्षी दारामागे उभी होती. तिला एवढंच हवं होतं. उरलेल्या पोरांत गोलकीपर ती एकटीच होती. ती नसती तर उदयसिंगला टीम म्हणता आली नसती.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ज्योत्स्नाची गाडी रिसोडहून परत येत होती. रिठदच्या स्टँडवर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, सोबत म्हातारी आई. सीटा भरल्या होत्या, म्हणजे प्रत्येक सीटवर एक माणूस होता. बाईनं हात जोडले. ज्योत्स्नानं दारात आडवी उभी राहून सांगितलं, जागा नाही, मागून गाडी येते. बाई म्हणाली, जागा तर दिसते. ज्योत्स्नानं ओठाचा कोपरा खाली ओढला.

"दिसते त्या जागेवर बसता येत नाही. एका सीटवर एकच. टीव्ही नाही का तुमच्या घरी?"

तिनं दोनदा घंटी मारली. गाडी निघाली. आतल्या पॅसेंजरांपैकी दोघं-तिघं कुरकुरले की थोडं सरकून घेता आलं असतं. त्यांना तिनं नियम समजावून सांगितला. हवेतून कसं पसरतं, बंद जागेत किती पटकन पसरतं, बाहेर एकमेकांपासून किती लांब राहिलं तरी शेवटी असं मांडीला मांडी लावून बसलं तर सगळं वाया. चांगलं सांगितलं तिनं. लोक ऐकत राहिले.

रिसोड नाक्यावर एक ट्रॅक्टर आडवा झाला होता. गाडी थांबली. शेजारी एक ऑटो येऊन थांबला. आतून गाण्याचा आवाज येत होता, सगळी पोरं एका सुरात नाही पण एका जोरात म्हणत होती. खिडकीजवळचा एक म्हातारा वाकून बघायला लागला. मग त्याच्या मागचा. भागवतनं मागच्या सीटसमोर शाळेच्या पोरांना बसायची फळी लावली होती, त्यामुळे पोरं आमनेसामने, गुडघ्यात गुडघे अडकवून बसली होती. मधल्या जागेत दोन उभी. भागवतच्या दोन्ही बाजूंना एक-एक. सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. एकीनं दुसरीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं आणि पूर्ण ऑटो हसला.

"बाई," म्हातारा खिडकीतून मान आत घेऊन म्हणाला, "हिथं बी सांगा ना जरा. एका सीटवर एकच."

सगळी गाडी हसली. रिठदच्या बाईसाठी कुरकुरणारे सगळ्यांत जोरात.

भागवतच्या डाव्या बाजूला अर्ध्या सीटवर साक्षी बसली होती. हातात गोलकीपरचे हातमोजे अजून तसेच. मांडीवर टीममधली सर्वांत लहान पोरगी. साक्षीनं आईला पाहिलं आणि मोठ्या हातमोज्यानं हात हलवला, जोरात, जणू आई परदेशातून आली होती.

"वळखीची हाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. ज्योत्स्नानं आयुष्यभर ज्या लोकांना तुच्छ मानलं, त्यातला प्रत्येक जण अशा वेळी नाही म्हणाला असता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माही पोरगी हाय," ती म्हणाली. "ऑटो बी मीच ठरवला. पोरं बी मीच भरली."

ट्रॅक्टर सरकला. तिनं घंटी मारली, एकदाच, आणि ड्रायव्हर गोंधळून मागे बघायला लागला, कारण एका घंटीला गाडी थांबवायची असते.

घरी आल्यावर तिनं साक्षीला अंगणातच उभं केलं. आबांच्या खोलीत अजून गेली नाहीस ना? नाही. कोण कोण असतं ऑटोत? साक्षीनं नावं सांगितली. मांडीवरच्या लहान पोरीचं नाव सांगताना ती अडखळली. ज्योत्स्नानं मशीन हातात नसतानाही तशीच वाट पाहिली. थोड्या वेळानं साक्षीनं सांगितलं की त्या पोरीच्या वडिलांना ताप येतो, परवा त्यांना दवाखान्यात नेलं. सगळ्या पोरांना माहीत होतं. मोठ्या माणसांना सांगायचं नाही असं ठरलं होतं.

"काहून?"

"तुमी खेळ बंद केला असता म्हणून."

ज्योत्स्नाच्या मनात एकामागून एक सगळे येऊन गेले: पंप पाठीवर घेऊन गोलचे पाइप धुणारा गोविंदसिंग, काढेवाला, हुकमातला शब्द शोधणारे मास्तर. त्यांच्यातला एकही जण संध्याकाळी ऑटोपर्यंत येऊन पोरं घरी कशी जातात ते बघायला थांबला नव्हता. आणि दिवसभर गाडीत मुंडकी मोजणं हेच जिचं काम, ती तर तो ऑटो भरून देऊन निश्चिंत झाली होती. त्या ओळीत आता तिला स्वतःला उभं करावं लागलं, आणि ओळीत सगळ्यांत पुढे.

दुसऱ्या दिवशी ती साक्षीला आणि इंद्रभानला घेऊन तपासणीला गेली. ऑटोतल्या पोरांच्या घरीही तिनं रांगेनं जाऊन सांगितलं. काहींनी दार लोटून घेतलं. एका बाईनं ऐकवलं की ऑटो तर तुम्हीच ठरवला होता. ज्योत्स्ना हो म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. साक्षीला मागच्या खोलीत ठेवलं. इंद्रभानची पाठ त्या दिवसांत कोरडी राहिली. ज्योत्स्नानं तेल लावायला हात पुढे केला तर त्यानं सदरा खाली ओढून घेतला. त्याला खोकला आला की ती स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून, खोकला किती लांबतो ते ऐकत राही. पीठ परातीत तसंच वाळून जाई.

दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. त्या लहान पोरीचा बापही पुढे बरा होऊन घरी आला. साक्षीनं त्याच संध्याकाळी बूट काढून पुसायला घेतले. झालं ना आता, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ज्योत्स्नाच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही तेच म्हटलं असतं. पण विनातिकीट बसून चेकर चढायच्या आत उतरून जाणारे लोक तिनं पुष्कळ पाहिले होते. ते उतरताना असेच खूश असतात. तो आनंद तिला कधी आवडला नव्हता.

"बूट ठेवून दे," ती म्हणाली.

साक्षीनं वाद घातला. ऑटोनं नाही जाणार, सायकलनं जाईन. मास्क काढणार नाही. मैदानावर कुणाजवळ जाणार नाही, गोलमध्ये तर एकटीच असते. ज्योत्स्ना प्रत्येक गोष्ट ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं की पुन्हा कुणाच्या घरी ताप आला तर तू मला सांगशील का. साक्षी खोटं बोलणारी पोरगी नव्हती. हो म्हणायच्या ऐवजी तिनं बूट खाटेखाली इतक्या जोरात फेकले की आतला डबा पडला.

उदयसिंगला मोबाइलवर कळवता आलं असतं. ज्योत्स्ना लेआउटवर गेली. गोविंदसिंग तिथं होताच. मुलगा काढून घेतला होता तरी तो रोज येऊन गोलचे पाइप फवारून जात असे. आता का, ते बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं. ज्योत्स्ना काय सांगायला आली ते ऐकल्यावर त्यानं काच वर केली आणि तिला बरंच सुनावलं. शहाणपण कसं उशिरा येतं, नोकरदार बायांना कसा तोरा असतो, आपण बैठकीतच कसं सांगितलं होतं. सांगत असताना त्यानं तिच्या चपलांवर दोन फवारे मारले. ज्योत्स्ना उभी राहिली. तिच्या ओठाचा कोपरा दोनदा खाली जाऊ लागला आणि दोन्ही वेळा तिनं तो सरळ केला. या माणसाविषयी तिचं मत तिळभरही सुधारलं नव्हतं. तो चुकीच्या कारणासाठी बरोबर निघाला होता, आणि हे सहन करणं तिला बरोबर माणसाकडून ऐकून घेण्यापेक्षा अवघड गेलं.

उदयसिंग मात्र ओरडला नाही. मैदानावर चार-पाच पोरं होती, ती एका रिकाम्या गोलात बॉल मारत होती.

"बॉल आला का डोळे मिटाची ते," तो म्हणाला. "डोळे उघडे ठेवाले शिकवता शिकवता मायं कंबरडं मोडलं, बाई. आता तुमी नेता."

"माहीत हाय मले. म्हणून सोता आलो सांगाले."

"टीम मोडली समजा मंग."

"मोडली तर मोडली," ती म्हणाली, आणि हे तिनं नेहमीसारखं ताठ म्हटलं तरी शेवटचा शब्द जरा खालीच पडला. उदयसिंगनं शिट्टी वाजवून पोरांना घरी जायला सांगितलं.

त्यानंतर साक्षी आईशी कामापुरतंच बोले. इंद्रभानही फुगून होता. त्याला वाटत होतं की पोरीसमोर त्याच्या छातीचं निमित्त पुढे केलं गेलं. एक दिवस त्यानं तसं विचारलंच. ज्योत्स्ना म्हणाली, "नाही, मामाजी. मी तिले म्हटलं, मी चुकलो होतो." इतक्या वर्षांत या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, इंद्रभाननं स्वतःनंही नाही. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि सदरा वर केला. ज्योत्स्ना तेलाची वाटी घेऊन बसली. तिचा हात जड होता आणि त्यानं तसं दोनदा सांगितलं.

साक्षी मागच्या अंगणात भिंतीवर बॉल मारायची, परत आलेला धरायची, पुन्हा मारायची. शेजारच्यांनी तक्रार केली की भिंत हलते. ज्योत्स्नाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तोच धपधप आवाज सुरू झाला तेव्हा ती भांडी टाकून बाहेर आली. साडीचा पदर तिनं कमरेला खोचला.

"आण इकडं. मी मारतो."

साक्षीनं बॉल दिला नाही, जमिनीवर ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. ज्योत्स्नानं पाय उचलून जीव खाऊन लाथ मारली. चप्पल भिंतीवर गेली, बॉल नालीत. साक्षी जागची हललीसुद्धा नाही. नालीतून बॉल काढून, नळाखाली धुऊन तिनं तो परत आणून ठेवला.

"आंगठ्यानं मारतेत का, मम्मी? पायाच्या आतल्या बाजूनं. अन् पाह्यतं कुठं? बॉलकडं पाह्य."

खिडकीतून इंद्रभानचा आवाज आला. "तिले गाडी ढकलाची सवय हाय. जमाले थोडा येळ लागते."

वाशीम आगारात ज्योत्स्नाला असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तिनं दुसरी चप्पलही काढून बाजूला ठेवली, दोन पावलं मागे गेली आणि या वेळी खाली बघून मारलं. बॉल सरळ गेला, पण हळू. साक्षीनं तो एका हातानं अडवला, जांभई देत, आणि पायानं परत ढकलला.

"आणखी," ती म्हणाली.